अकरावीच्या बायोलॉजीतले शब्द पाठ करू नका, फोडा

मराठी माध्यमातून दहावी करून सायन्सला आलेली मुलं मी जुनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवताना दरवर्षी पाहते. हुशार असतात, पण एंडोप्लाझमिक रेटिक्युलम आणि प्लॅटिहेल्मिन्थिस समोर आले की घोकंपट्टीला लागतात. मला ते बघवत नाही, कारण यातले निम्मे शब्द त्यांना आधीच येत असतात, फक्त मराठीतून.

म्हणून पहिली गोष्ट: आठवीचं विज्ञानाचं पुस्तक आणि दहावीचं भाग २ रद्दीत देऊ नका. दहावीच्या पुस्तकातला प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा काढा. संधिपाद म्हणजे आर्थ्रोपोडा. ग्रीकमध्ये आर्थ्रॉन म्हणजे सांधा आणि पोड म्हणजे पाय. कंटकचर्मी म्हणजे एकायनोडर्माटा, त्यात डर्मा म्हणजे कातडी. मृदुकायमधला मृदू म्हणजे लॅटिनमधला मोलिस, त्यावरून मोलस्का. आठवीतली तंतुकणिका घ्या: मायटॉस म्हणजे धागा, कॉन्ड्रिऑन म्हणजे कण, झाला मायटोकॉन्ड्रिऑन. रिक्तिका आणि व्हॅक्युओल यांचंही तेच, व्हॅक्युअस म्हणजे रिकामा. आपल्या परिभाषाकारांनी शब्द फोडून हातात दिलेत, ते वापरायचे.

आता नवीन शब्द कसा फोडायचा? शेवटाकडून. शब्दाचं शेपूट सांगतं की गोष्ट कुठल्या जातीची आहे. साइट असेल तर पेशी, आयटिस असेल तर दाह, लिसिस असेल तर विघटन, जेनेसिस असेल तर निर्मिती. मग पुढचा भाग पाहायचा. एरिथ्रो म्हणजे लाल, म्हणून एरिथ्रोसाइट ही लाल पेशी. ल्युको म्हणजे पांढरा, त्यावरून ल्युकोसाइट, रंगहीन ल्युकोप्लास्ट आणि ल्युकेमियाही. एमिया म्हणजे रक्ताशी संबंधित.

याचा खरा उपयोग ग्लुकोजच्या चयापचयात होतो. ग्लायकोजेनेसिस, ग्लायकोजेनोलिसिस आणि ग्लुकोनिओजेनेसिस यांत मुलं हमखास घोटाळा करतात. वहीत तिन्ही शब्द एकाखाली एक लिहा आणि आडव्या रेघा मारून तोडा. पहिल्यात ग्लायकोजेनची, म्हणजे शरीरात साठवलेल्या ग्लुकोजची, निर्मिती आहे. दुसऱ्याच्या शेवटी लिसिस आहे, म्हणजे ग्लायकोजेन तुटतंय. तिसऱ्याच्या मधोमध निओ आहे, आपला नव, म्हणजे ग्लुकोज नव्याने बनतंय, अमिनो आम्लं किंवा लॅक्टेट यांच्यासारख्या कर्बोदकं नसलेल्या पदार्थांपासून. एवढं झालं की प्रश्न कितीही फिरवून विचारला तरी अडत नाही.

निओ आणि नव सारखे आहेत हा योगायोग नव्हे. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या. त्यामुळे मराठी मुलाला बरंच काही घरबसल्या मिळतं: ऑस्टिऑन म्हणजे अस्थी, डेंट म्हणजे दंत, पेंटा म्हणजे पंच, ऑक्टो म्हणजे अष्ट. थर्मोचं नातं संस्कृत घर्मशी, आणि घर्मपासूनच आपला घाम आला. सगळ्यात सुंदर आहे ते नकाराचं. आपण अज्ञान म्हणतो, पण अनादर म्हणतो. पुढे स्वर आला की ‘अ’चा ‘अन्’ होतो. ग्रीकचाही हाच नियम आहे: एबायोटिक (निर्जीव), पण अ‍ॅनएरोबिक (ऑक्सिजनविना जगणारा). अ‍ॅनिमियातलं ‘अ‍ॅन’ तेच. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा स्वतः उदाहरणं शोधायला लागतात, आणि तो तास मला फार आवडतो.

दोन ठिकाणी मात्र जपून. एक, सारखी दिसणारी मुळं. होमो सेपियन्समधला होमो लॅटिन आहे, अर्थ माणूस. होमोझायगसमधला होमो ग्रीक आहे, अर्थ समान. दोन, मूळ शब्द नाव ठेवणाऱ्याची समजूत सांगतो, आजचं विज्ञान नव्हे. ऑक्सिजनचा अर्थ आम्ल निर्माण करणारा, कारण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिएला वाटलं होतं की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नाही. १९१२ साली जीवरसायनशास्त्रज्ञ फंक यांनी जीवनाला आवश्यक अमाइन (नायट्रोजन असलेलं एक प्रकारचं संयुग) म्हणून व्हिटामिन हे नाव काढलं, पण क जीवनसत्त्व अमाइन नाही. तेव्हा फोड करून अर्थाचा अंदाज घ्या, पण व्याख्या पुस्तकातूनच पक्की करा.

मुळांच्या लांबलचक याद्या पाठ करायला घेऊ नका, ती नवी घोकंपट्टी होईल. धडा सुरू करण्याआधी त्यातले ठळक छापलेले शब्द काढा, फोडा, शेजारी मराठी शब्द लिहा. एखादं मूळ दुसऱ्या धड्यात भेटलं की जुन्या पानावर जाऊन तिथे नवा शब्द जोडा. सुरुवात पेशीच्या धड्यापासून करावी, तिथे फोड सगळ्यात स्वच्छ होते. वनस्पतींची शास्त्रीय नावं नंतर घ्या, कारण त्यांत माणसांची नावंही असतात. बोगनवेल बूगॅनव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीवरून आली. आंब्याचं मँजिफेरा इंडिका मात्र आधीच घेतलं तरी चालेल. त्यातला फेरा म्हणजे धारण करणारा, आणि तो तुम्हाला पोरिफेरामध्ये, म्हणजे दहावीच्या रंध्रीय प्राण्यांमध्ये, भेटलेला आहे.