परतीच्या बसपासून आखलेली सहल : होप व्हॅलीतील एक दिवस

इंग्लंडचा ग्रामीण भाग पाहायचा तर भाड्याची मोटार घ्यावीच लागते, अशी तिकडे मुलांकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींची समजूत असते. मला ती पटत नाही. मोटार जिथे उभी केली तिथेच परत यावे लागते. रेल्वेने जाणारा मात्र एका स्थानकावर उतरून डोंगर ओलांडू शकतो आणि पलीकडच्या गावातून बस किंवा गाडी धरून घरी येऊ शकतो. हा अनुभव पहिल्यांदा घेण्यासाठी मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्यामधली होप व्हॅली मला सर्वांत सोयीची वाटते. हे खोरे पीक डिस्ट्रिक्टमध्ये आहे, आणि १९५१ साली घोषित झालेले पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान होय.

या सहलीत एडेल स्थानकावर उतरून डोंगर ओलांडायचा, पलीकडच्या कॅसलटन गावातून बसने होप स्थानक गाठायचे आणि तिथून गाडीने परतायचे. म्हणून आखणी सकाळच्या गाडीपासून न करता परतीच्या शेवटच्या बसपासून करावी. ती किती वाजता सुटते ते प्रथम पाहावे, तिच्या आधीची बस ही आपली खरी बस मानावी आणि शेवटची केवळ आधाराला ठेवावी. रविवारचे वेळापत्रक निराळे असते, सार्वजनिक सुटीच्या सोमवारी ते बदलते, आणि काही फेऱ्या फक्त शाळेच्या दिवशी धावतात; म्हणून वेळापत्रकाखालची बारीक टीप न वाचता निघू नये. नाताळच्या दिवशी रेल्वे धावतच नाही. शनिवार-रविवारी रुळांची कामे निघाली तर गाडीऐवजी बस सोडतात आणि प्रवासाला बराच वेळ लागतो, त्यामुळे आदल्या संध्याकाळी एकदा खात्री करून घ्यावी.

मँचेस्टरच्या पिकाडिली स्थानकावरून शेफील्डकडे जाणाऱ्या जलद गाड्या लहान स्थानके सोडून पुढे जातात. आपल्याला सर्व स्थानकांवर थांबणारी गाडी हवी. उतरायचे एडेलला असले तरी परतीसह तिकीट त्यापुढच्या होप स्थानकाचे काढावे, कारण संध्याकाळी आपण तिथून गाडीत बसणार आहोत. अलीकडच्या स्थानकावर उतरण्याची मुभा सर्वच तिकिटांना नसते. विशिष्ट गाडीपुरते बांधलेले स्वस्त आगाऊ तिकीट इथे चालत नाही, म्हणून खिडकीवर आपला बेत सांगूनच तिकीट घ्यावे. पतीपत्नी नेहमी एकत्र फिरणार असतील तर दोघांच्या नावाचे सवलत कार्ड काढावे. त्यावर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही.

चिनली स्थानकानंतर गाडी लांब बोगद्यात शिरते आणि बाहेर पडताच दोन्ही बाजूंना उघडे, हिरवे डोंगर दिसू लागतात. हेच एडेलचे खोरे. उत्तरेकडे ६३६ मीटर उंचीचे किंडर स्काउटचे पठार आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार तरुण जमीनदारांची मनाई झुगारून त्या पठारावर चढले आणि त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास भोगावा लागला. आज आपण तिथे मोकळेपणाने चालू शकतो, त्यामागे अशा लढ्यांचा मोठा वाटा आहे, हे तिथे उभे राहताना मनात असावे. ब्रिटनची प्रसिद्ध पेनाइन वे ही ४०० किलोमीटरांहून लांब पायवाटही एडेललाच सुरू होते, पण आपली वाट दक्षिणेची आहे.

स्थानकापासून शेतांमधून चढत जाणारी वाट हॉलिन्स क्रॉस या खिंडीत पोहोचते. तिथून उजवीकडे वळून धारेवरून चालत गेले की ५१७ मीटर उंचीचे मॅम टॉर हे शिखर येते. ही वाट दगडी फरशांनी बांधलेली आहे, तरी वारा इतका असतो की उन्हाळ्यातही वारारोधक जाकीट जवळ असावे. माथ्यावर प्राचीन तटबंदीच्या खुणा आहेत. पूर्वेकडची बाजू सतत ढासळत असते. तिच्या पायथ्याशी असलेला मोटाररस्ता वारंवार दुरुस्त करूनही टिकेना, तेव्हा १९७९ मध्ये तो कायमचा बंद झाला. खाली उतरताना त्याच रस्त्याच्या दुमडलेल्या, भेगाळलेल्या डांबरावरून आपण कॅसलटन गावात येतो, आणि मला तरी या वाटेवरचा हाच भाग सर्वांत जास्त आवडतो. एकूण अंतर सात-आठ किलोमीटर. थांबत, खात चालणाऱ्याने चार तास धरावेत.

सोबत ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा, १:२५,००० प्रमाणाचा ‘डार्क पीक’ नावाचा या भागाचा कागदी नकाशा ठेवावा, कारण खोऱ्यात मोबाइलचा भरवसा नसतो. वाटेवरच्या खांबांवर आणि फाटकांवर बाण लावलेले असतात. पिवळा बाण पादचाऱ्यांची वाट दाखवतो. निळ्या बाणाच्या वाटेवर घोडे आणि सायकलीही येतात. या वाटा खासगी शेतांतून जातात आणि तिथून चालण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क असतो, पण मेंढरांसाठी लावलेले फाटक आपण गेल्यावर लावून घेणे हे आपले कर्तव्य आहे.

कॅसलटनहून होपमार्गे शेफील्डकडे बस जाते. जानेवारी २०२५ पासून इंग्लंडमधील बहुतेक मार्गांवर एका फेरीचे कमाल भाडे तीन पौंड आहे आणि ते चालकाजवळ कार्डानेही देता येते. बस दिसताच हात दाखवावा, नाहीतर ती थांब्यावर न थांबता जाऊ शकते. उतरताना चालकाचे आभार मानण्याची तिकडे रीत आहे. होप स्थानक गावापासून थोडे दूर आहे, तेव्हा गावात न उतरता स्थानकाजवळचा थांबा चालकाला आधीच सांगून ठेवावा. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, पण डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. हिवाळ्यात हीच सहल करायची असेल तर एडेलला सकाळी दहापूर्वी उतरावे आणि सोबत विजेरी ठेवावी.