मोहिनीअट्टम ध्यान म्हणून शिकायचंय? आधी गुडघे सांभाळा

डोळे मिटून बसलं की दोन मिनिटांत मला गॅस बंद केला का ते आठवतं, त्यामुळे ध्यान हा आपला प्रांतच नाही असं मी धरून चालले होते, मग चाळिशीत मोहिनीअट्टमच्या क्लासला गेले आणि कळलं की काहीजणांचं मन शरीर हलतं ठेवल्याशिवाय जागेवर येतच नाही. तुमचंही तसंच असेल तर हे वाचा.

हा केरळचा नाच, लास्य अंगाचा म्हणजे नाजूक, लालित्याचा, संथ आणि गोलाईचा. विष्णूच्या मोहिनी रूपावरून नाव पडलं असं सांगतात (आपल्याकडे नेवाश्याला मोहिनीराज आहेच, गोव्यात म्हार्दोळची म्हाळसाही तीच). संथ आहे म्हणजे सोपा असणार या समजुतीत बरेच जण येतात, मीही आले होते. पहिल्याच आठवड्यात मांड्या बोलायला लागल्या. भराभर नाचताना चूक वेगात खपून जाते, इथे ती आठ मात्रा तशीच सगळ्यांसमोर उभी राहते.

तर सुरुवात अर्ध्या बैठकीपासून करा. टाचा जवळ, पावलं बाहेर, गुडघे वाकवलेले, पाठ सरळ. पावलं बाहेर वळवायची ती खुब्यापासून, गुडघा पिळून नाही, हे माझ्याकडून लिहून घ्या. जेवढं खुब्यातून वळतं तेवढंच वळवा, शेजारची वीस वर्षांची मुलगी किती खाली बसते ते बघू नका. घरी टाइल्सवर पाय आपटू नका, या नाचात आपटायची गरजही नाही, पाऊल ठेवायचं असतं. आधी बैठकीत दोनच मिनिटं थांबा आणि वजन कुठे आहे ते बघा, टाचेवर की चवड्यावर, डावीकडे की उजवीकडे. हेच पहिलं ध्यान, याला मंत्र वगैरे लागत नाही.

मग कमरेच्या वरचं शरीर. मोहिनीअट्टमची खरी ओळख इथेच आहे, धड सावकाश गोल फिरत राहतं. लोक नारळाची झाडं आणि बॅकवॉटरच्या लाटा सांगतात, मला मात्र आजी जात्यावर बसायची ते आठवलं, खांद्याने ओढलं की दमायला होतं आणि कमरेपासून फिरलं की दळण आपोआप पुढे जातं, तसंच हे. खांदे उचलले जात असतील तर थांबा, पुन्हा करा.

अडवू म्हणजे पाय-हात-धड मिळून होणाऱ्या या नाचाच्या मूळ हालचाली. त्यांचे चार गट असतात, तगणम, जगणम, धगणम आणि सम्मिश्रम. ध्यान म्हणून करणाऱ्याने रोज नवीन अडवू मागायचा नाही. एकच घ्यायचा आणि वीस मिनिटं तोच, विलंबित लयीत, त्याचे बोल तोंडाने म्हणत. बोल मोठ्याने म्हणाच, कारण मन भटकलं की जीभ अडखळते आणि लगेच कळतं, माझ्यासाठी तरी यापेक्षा चांगला अलार्म नाही. श्वास मुद्दाम जुळवायला जाऊ नका, फक्त अडवताय का ते बघा. मी दर वेळी खाली बसताना अडवायचे.

नजरेचं वेगळं सांगते. जिथे हात तिथे नजर, जिथे नजर तिथे मन हे सगळ्या नाचांच्या क्लासमधे घोकून घेतात, पण इथे हात इतका सावकाश जातो की नजर त्याच्या आधीच पोचते आणि तिथे वाट बघत बसते. तिला हाताबरोबर चालायला लावणं यातच माझे सहा महिने गेले.

गुरू मात्र हवाच, व्हिडिओवर सगळं उलटसुलट होतं. केरळमधे चेरुतुरुत्तीला कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० साली उभं केलेलं कलामंडलम हे कलाशिक्षणाचं केंद्र आहे, पण तेवढं लांब जायला नको, मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी १९६६ मधे नालंदा नृत्य संशोधन केंद्र सुरू केलं, पुढे महाविद्यालयही झालं, त्यामुळे आपल्याकडे हा नाच शिकवणारे सापडतात. क्लास निवडताना एकच विचारा, चोळकेट्टू, म्हणजे पहिली पूर्ण रचना, कधी शिकवणार? दोन महिन्यांत म्हणाले तर नमस्कार करून निघा. परीक्षा, अरंगेट्रम (रंगमंचावरचं पहिलं सादरीकरण), सोनेरी काठाची कसवूची साडी, डाव्या बाजूचा अंबाडा, हे सगळं छान आहे, पण ते डोक्यात शिरलं की आरशासमोरून पाय निघत नाही. घरी सराव आरशाशिवाय करा.

गुडघा दुखत असेल त्या दिवशी सुट्टी घेऊ नका, खुर्चीत बसून अभिनय करा. इरयिम्मन तंपींची ‘ओमनत्तिंकल किडावो’ ही अंगाई घ्या, १८१३ मधे बाळ स्वाती तिरुनाळसाठी, म्हणजे त्रावणकोरच्या पुढच्या राजासाठी केलेली. सगळी प्रश्नांचीच आहे, हे चंद्राचं बाळ का, कमळ का, फुलातला मध का. हातात बाळ धरल्यासारखं करायचं आणि प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे नव्याने बघायचं. तिसऱ्या प्रश्नापर्यंत माझं बाळ हातातून गायब झालेलं असतं आणि मी नुसते हात हलवत असते, मग परत पहिल्यापासून.