दिवाळीची नानकटाई घरी करताय? आधी एकच भाजून बघा

आमच्या लहानपणी नानकटाई घरी भाजायचा प्रश्नच नव्हता. मैदा, पिठीसाखर, तूप डब्यात भरायचं, वर नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि बेकरी गाठायची, तिथे लांबलचक काळ्या ट्रेवर गोळे मांडायचे आणि आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत भट्टीचा वास घेत बसायचं. एका वर्षी आमच्या साजूक तुपातल्या नानकटाईच्या जागी कुणाच्यातरी डालड्यातल्या आल्या, आईने घरी येऊन पहिली तोडली आणि तिचा चेहराच उतरला, त्यानंतर ती परत त्या भट्टीकडे फिरकली नाही. (मला त्या डालड्यातल्याच जास्त खुसखुशीत लागल्या होत्या, पण हे तिला मी आजतागायत सांगितलेलं नाही.)

आता ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, घरात आहे पण घोळ वेगळाच होतो. धनत्रयोदशीच्या रात्री एकीकडे चकलीचा सोऱ्या, एकीकडे चिवड्याची कढई आणि त्यातच आपण नानकटाई लावतो. माझी पहिल्या वर्षी अख्ख्या ट्रेची मिळून एकच नानकटाई झाली होती, कडेपासून कडेपर्यंत. आठवडाभर आम्ही तो चुरा दुधात घालून खाल्ला. तेव्हापासून घाई करायची नाही आणि पूर्ण ट्रे लावायच्या आधी एक गोळा भाजून बघायचा, हे दोन नियम मी पाळते.

काम दोन दिवसांत विभागा. आदल्या दिवशी सगळं कोरडं साहित्य तयार करून ठेवा, त्याला काही होत नाही. 200 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम बेसन, 2 चमचे बारीक रवा, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ, हे सगळं दोनदा चाळून डब्यात भरून ठेवा. बेसन आधी मंद आचेवर तीन-चार मिनिटं कोरडंच परता म्हणजे कच्चट वास जातो, पण पूर्ण गार करूनच मिसळा, नाहीतर दुसऱ्या दिवशीपर्यंत डब्यात वाफ धरते. 125 ग्रॅम पिठीसाखर आणि वेलची-जायफळ वेगळ्या डब्यात. साखर घरी दळलीत तर चाळा, एखादा मोठा कण राहिला तर भाजताना तिथेच वितळून डाग पडतो. सोडा जास्त घातला की जास्त फुलेल असं वाटतं पण तसं नसतं, नानकटाई पसरते, रंग काळपट येतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते.

वजनकाटा नसेल तर वाटीने मोजा, फक्त सगळ्याला वाटी तीच वापरा. यूट्यूबवरचा कप आणि आपली आमटीची वाटी यांचा काही संबंध नाही.

आता तूप. सगळा खेळ तुपाचा आहे हो! वर दिलेल्या मापाला 150 ग्रॅम साजूक तूप लागतं आणि ते थिजलेलं पाहिजे, म्हणजे बोट दाबलं की आत जाईल पण ओघळणार नाही, साधारण लोण्यासारखं. पातळ तूप घातलंत की गोळे ट्रेवर बसल्या बसल्या पसरणार. ऑक्टोबरच्या उकाड्यात तूप ओट्यावर ठेवलं तर पातळच होतं, म्हणून फ्रीजमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवून मग घ्या. याउलट परदेशात थंडीत फराळ करणाऱ्यांचं तूप दगड झालेलं असतं, त्यांनी ते गॅसवर वितळवू नये, आदल्या रात्री काढून घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवावं.

तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळहाताने फेसा, बीटर असेल तर बीटरने. पिवळं तूप पांढरं आणि हलकं व्हायला हाताने दहा-बारा मिनिटं सहज लागतात, कंटाळा आला म्हणून मध्येच सोडू नका कारण यात जी हवा भरली जाते त्यानेच नानकटाई हलकी होते. झालं की नाही बघायला थोडंसं वाटीतल्या पाण्यात टाका, तरंगलं की झालं. मग त्यात कोरडं मिश्रण दोन-तीन वेळा करून घाला आणि बोटांनी फक्त एकत्र आणा, पोळीच्या कणकेसारखं मळत बसू नका, मैदा मळला की चिवट होतो. गोळा वळला जात नसेल तर चमचा चमचा तूप घाला, पाणी अजिबात नको.

गोळा झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि ओव्हन 170 डिग्रीवर दहा मिनिटं तापवा. तापलेल्या ओव्हनमध्ये कड लगेच धरते, गार ओव्हनमध्ये आधी तूप वितळतं आणि मग नानकटाई भाजली जाते, म्हणून हे टाळू नका. आणि आता पूर्ण ट्रे मांडायचा मोह आवरा, छोट्या लिंबाएवढा एकच गोळा वळा, किंचित दाबा आणि आत टाका.

पंधरा मिनिटांत हा एकटा गोळा सगळं सांगतो. अनारसा तुपात पसरून विरला की हसला म्हणतो ना आपण, तशी नानकटाईही हसते. फार पसरली तर उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा घाला आणि परत गार करा. पसरलीच नाही, गोळा तसाच टणक राहिला, तर चमचाभर तूप वाढवा. वरून थोडी तडकली, खालून सोनेरी झाली, मग विषय संपला, बाकीच्या बिनधास्त लावा. एक नानकटाई वाया जाते म्हणाल तर ती वाया जात नाही, ती करणाऱ्याची.

ट्रेवर बटर पेपर घाला, दोन गोळ्यांत दोन बोटांचं अंतर ठेवा, चारोळी नुसती ठेवू नका तर दाबून बसवा. वरच्या मापात पंचवीस-सव्वीस होतात म्हणजे दोन घाणे, एक भाजत असताना दुसरा फ्रीजमध्ये. बऱ्याच ओटीजीत मागची बाजू जास्त तापते, दहा मिनिटांनी ट्रे फिरवा. एकूण पंधरा ते अठरा मिनिटं. काढताना मऊ लागली म्हणून परत आत ढकलू नका, सगळे इथेच फसतात, ती गार होताना कडक होते. पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग जाळीवर.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून वर स्टँड ठेवा, झाकून दहा मिनिटं तापवा, मग ताटलीत चार-पाच गोळे ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. वरून रंग फारसा येत नाही, चवीला फरक नाही.

एवढंही एका दिवशी जमत नसेल तर पिठाचा लांब रोल करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरला टाका, महिनाभर राहतो. वसुबारसेला काढला, दहा मिनिटं बाहेर ठेवला, सुरीने जाड चकत्या कापल्या की झालं, वळायचंही काम नाही. चकत्या गार असतानाच तापलेल्या ओव्हनमध्ये गेल्या तर एक-दोन मिनिटं जास्त लागतात, त्यामुळे इथेही आधी एक.

पूर्ण गार झाल्याशिवाय डबा भरू नका, जरा कोमट असल्या तरी झाकणाला वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या नरम. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस छान राहतात, पण आमच्याकडे भाऊबीजेपर्यंत डबा टिकवायला तो चिवड्याच्या पिंपामागे लपवावा लागतो.