सहलीच्या बसमध्ये कुणाला कुठे बसवायचं?

सहलीतली निम्मी भांडणं बसच्या दारातच सुरू होतात, म्हणून जागा आदल्या दिवशी वर्गातच ठरवून टाका. सकाळी दार उघडलं की सगळ्यात आधी घुसणारा पोरगा रुमाल, पाण्याची बाटली आणि टोपी टाकून तीन जागा धरतो. त्यानंतर सरांनी कितीही आवाज चढवला तरी त्या सुटत नाहीत.

आधी आगारात फोन करून बसची नेमकी आसनसंख्या विचारा. समजा दोन-दोनच्या रांगांची 44 आसनी एसटी मिळाली, तर 40 मुलं आणि 4 शिक्षक असा हिशेब धरा. कागदावर आसनं आखून क्रमांक घाला आणि नावं पेन्सिलने लिहा, खोडावी लागतातच.

सुरुवात बस लागणाऱ्या मुलांपासून करा. त्यांची नावं पालकांकडून चिठ्ठीवर मागवा, कारण आठवी-नववीतली मुलं वर्गात हात वर करणार नाहीत. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग कमी हलतो, तिथे पुढच्या अंगाला खिडकीजवळ त्यांना बसवा. शेवटचं बाकडं मागच्या चाकांच्याही पलीकडे असतं, ते खड्ड्यात उडतं आणि वळणावर जोरात फेकलं जातं. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना वाईनंतर पसरणी घाट लागला की हा फरक लगेच कळतो. गोळी द्यायची तर पालकांनी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा तास आधी. उपाशीपोटीही आणू नका, थोडं कोरडं खाणं बरं. उलटीची पिशवी सॅकमध्ये नको, हातातच हवी. शेजारी मात्र बस सुटताच डबा उघडणारा गडी देऊ नका. लसणाच्या चटणीचा वास आला की गोळीचाही उपयोग होत नाही.

आता शेवटचं बाकडं. मोठ्या वर्गातली मुलं ते आपल्या हक्काचं मानतात. तो हक्क मोडायला जाऊ नका, वाटून द्या. जाताना एक गट, येताना दुसरा. एक शिक्षक त्यांच्या पुढच्याच रांगेत बसवा, आणि संकटकालीन दरवाजापुढे सॅकचा ढीग लागू देऊ नका.

सगळ्यात अवघड काम तिघांच्या टोळीचं. दोनाच्या बाकावर तिघं मावत नाहीत, मग एकजण रुसतो. आणि प्रत्येक वर्गात ज्याला कुणीच ‘माझ्याशेजारी बस’ म्हणत नाही, असा एक मुलगा किंवा मुलगी असतेच. ही दोन्ही कोडी एकत्र सुटतात. एका रांगेतली चारही आसनं त्या टोळीला द्या आणि चौथा म्हणून हे मूल घाला. त्याला खिडकी देऊ नका, मधल्या वाटेकडची जागा द्या. खिडकीत ते एकटं पडतं. वाटेकडे बसलं की गप्पा, चिवडा आणि चिडवाचिडवी सगळं त्याच्या हातावरून, कानावरून जातं. मात्र तुम्ही असं ठरवून केलंय, हे कुणाला कळता कामा नये. यादी हजेरी क्रमांकाने वाचा.

खिडकीची अदलाबदल प्रत्येक थांब्यावर करा, बस लागणारी मुलं सोडून. उन्हाचाही विचार करा. पुण्याहून वाईपर्यंत बस साधारण दक्षिणेला जाते, त्यामुळे सकाळचं ऊन डाव्या बाजूला. संध्याकाळी उत्तरेला परतताना मावळतीही डावीकडेच. म्हणून येताना डावी-उजवी बाजू बदला, नाहीतर तीच मुलं दोनदा भाजून निघतील.

गाण्याच्या भेंड्यांना पुढचे विरुद्ध मागचे अशी फळी नको, पुढच्यांना मागचं ऐकू येत नाही. डावे विरुद्ध उजवे करा, आणि ‘ळ’ आला तर ‘ल’ चालेल का, ते आधीच जाहीर करा.

थांब्यावरून निघताना दोनदा मोजणी करा. एकदा शिक्षकांनी डोकी मोजायची, एकदा प्रत्येकाने शेजारी आहे की नाही ते सांगायचं. दोन्ही जुळेपर्यंत गाडी सोडायला सांगू नका.