एसएमपीएस किती वॉटचा घ्यावा? आधी स्टिकर वाचा, मग आकडा ठरवा

भाच्याचा कॉम्प्युटर गेम ऐन रंगात आला की बंद पडायचा. निळा पडदा नाही, कसली सूचना नाही. घरातली लाइट गेल्यासारखा फक्त काळोख. दोन मिनिटांनी बटण दाबलं की पुन्हा सुरळीत चालू. जिथून असेंबल करून आणला होता तिथे दोनदा विंडोज टाकून झालं, रॅम बदलून झाली. "एसएमपीएस साडेचारशे वॉटचा आहे, तिकडे बघायचं कामच नाही," असं ठणकावून सांगितलं गेलं.

मी कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढून टॉर्च मारला. एसएमपीएसच्या, म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागेल तशी बदलून देणाऱ्या डब्याच्या, स्टिकरवर ४५० हा आकडा ठसठशीत होता. त्याच्या खाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, +१२ व्होल्टच्या रकान्यात लिहिलं होतं: १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. भाच्याच्या एकट्या ग्राफिक्स कार्डाला १७० लागतात!

एसएमपीएस विकत घेताना बहुतेकांची गाडी दोन टोकांना जाते. एक तर कॅबिनेटबरोबर "फ्री" आलेला डबा तसाच वापरायचा, नाहीतर भीतीपोटी टॅली आणि यूट्यूबच्या पीसीला ७५० वॉटचा बसवायचा. खरं तर दहा मिनिटांचा हिशोब आहे. भाच्याच्याच पीसीवर करून दाखवतो.

पायरी १: खादाड कोण ते शोधा

डेस्कटॉपमध्ये खरे खाणारे दोघेच, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. बाकीचे सगळे मिळून यांच्यातल्या एकाएवढे होत नाहीत.

प्रोसेसरच्या बाबतीत खोक्यावरच्या ६५ वॉटला भुलू नका. इंटेलच्या कोअर आय५-१२४००एफ वर ६५ लिहिलेलं असतं, पण तो जोरात आला की कंपनीच्याच माहितीपत्रकाप्रमाणे ११७ वॉटपर्यंत जातो. एएमडीच्या रायझन ५ ५६०० वरही ६५ असतं, त्याची प्रत्यक्ष मर्यादाही त्याच्या वर. वरच्या दर्जाच्या प्रोसेसरमध्ये ही तफावत भलतीच वाढते: कोअर आय९-१४९००के चा मूळ आकडा १२५, कमाल २५३. इंटेलच्या साइटवर कमाल टर्बो पॉवर नावाचा आकडा मिळतो, हिशोबात तोच धरा.

ग्राफिक्स कार्डाचं सोपं आहे, त्याचा आकडा सरळ दिलेला असतो. आरटीएक्स ३०६० ला १७०, आरटीएक्स ४०६० ला ११५, आरटीएक्स ४०७० ला २००, आणि आरटीएक्स ४०९० ला तब्बल ४५० वॉट. ३०६० पेक्षा ४०६० नवं असून कमी खातं, हे पाहून अनेकांना नवल वाटतं. म्हणून "नवं कार्ड घेतलं म्हणजे मोठा एसएमपीएस लागणारच" हे दरवेळी खरं नसतं.

पायरी २: बेरीज

भाच्याकडे १२४००एफ आणि ३०६०. म्हणजे ११७ आणि १७०, झाले २८७. मदरबोर्ड आणि रॅमच्या दोन पट्ट्या मिळून ५०. एक एनव्हीएमई एसएसडी आणि एक साधी मोठी हार्ड डिस्क, १५. पंखे, माऊस, कीबोर्ड, चार्जिंगला लावलेला मोबाइल वगैरे, आणखी १५. एकूण ३६७ वॉट.

मॉनिटर यात धरायचा नाही. त्याची वायर वेगळी, ती भिंतीतून वीज घेते.

हा ३६७ चा आकडा सगळे एकाच वेळी जीव तोडून धावतायत असं गृहीत धरून काढलेला आहे. गेम खेळताना प्रोसेसर सहसा इतका ताणला जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा बराच खाली राहतो. तरी बेरीज अशीच चढी करा.

पायरी ३: वर किती ठेवायचं

आलेल्या बेरजेला ०.७ ने भागा. ३६७ भागिले ०.७ म्हणजे ५२४. बाजारात त्याच्या वरचं माप ५५० चं, तेच घ्यायचं. आरटीएक्स कार्डांची चिप बनवणाऱ्या एनव्हीडियानेही ३०६० साठी ५५० च सुचवलेला आहे, म्हणजे आपला हिशोब रुळावर आहे.

हे ३० टक्के वर ठेवायला कारणं आहेत. कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं. आरटीएक्स ३०८० च्या पिढीत ही उसळी इतकी होती की बेरजेत बसणारे चांगले एसएमपीएसही मधेच स्वतःला बंद करून घ्यायचे. म्हणून २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे नवं मानक आलं. नव्या १६ पिनी जोडणीचा एसएमपीएस १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार झेलू शकला पाहिजे, असं त्यात ठरलं. २०० वॉटच्या वरचं कार्ड घेणार असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ असं लिहिलेलाच घ्या. ४०६० सारख्या कार्डाला त्यावाचून काही अडत नाही.

दुसरं कारण उन्हाळा. स्टिकरवरचा वॉट किती तापमानाला दिला आहे हे चांगल्या कंपन्या सांगतात, ४० अंश किंवा ५० अंश. अकोल्याला किंवा चंद्रपूरला मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असते, बंद कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. तिकडच्या मंडळींनी ५० अंशवाला बघावा आणि ५५० च्या जागी ६५० घेतला तरी मी त्यांना उधळे म्हणणार नाही.

आणि ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्डच नाही? रायझन ५ ५६००जी वर चालणारा ऑफिसचा पीसी सगळं धरून १५० वॉटच्या आसपास थांबतो. त्याला चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा पुरून उरतो. ७५० चा घेऊन फायदा शून्य. उलट अगदी कमी भारावर मोठ्या एसएमपीएसची कार्यक्षमता घसरते.

पायरी ४: स्टिकर वाचा (हीच खरी परीक्षा)

दुकानात खोका फोडून स्टिकर बघायला मागा. लाजू नका.

त्यावर एक तक्ता असतो: +३.३, +५, +१२, -१२, आणि +५ स्टँडबाय. आजच्या पीसीत जवळजवळ सगळा भार +१२ वर असतो, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच ओढतात. म्हणून फक्त +१२ खालचा अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. ५५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसवर तिथे साधारण ४५ अँपिअर दिसतात, म्हणजे ५४० वॉट. जवळपास सगळी क्षमता १२ व्होल्टवर मिळते, हीच चांगल्या मालाची खूण. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर आंधळेपणाने बेरीज करू नका, खाली दोघांची मिळून मर्यादा दिलेली असते ती धरा.

भाच्याच्या त्या डब्यावर +५ ला १५ अँपिअर आणि +३.३ ला १४ होते. म्हणजे ७५ आणि ४६ वॉट. १९२ मध्ये ते मिळवले तरी ३१३ च होतात. ४५० कुठून आले, ते तो स्टिकर छापणाराच जाणे.

स्टिकर झाला की पिना मोजा. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॉट मिळतात, ६ पिनी जोडणीतून आणखी ७५, ८ पिनीतून १५०. कार्डाला ८ पिनी लागत असेल आणि एसएमपीएसला ती नसेल, तर दुकानदार काउंटरखालून एक कन्व्हर्टर काढून देतो. तो नम्रपणे परत द्या. ज्या एसएमपीएसला ती जोडणीच दिलेली नाही, तो त्या कार्डासाठी बनवलेला नाही.

सेकंडहँड ऑफिस पीसी घेऊन त्यात कार्ड टाकण्याचा विचार असेल तर आणखी एक अडचण असते. त्या छोट्या डब्यांत बऱ्याचदा १८० ते २४० वॉटचा, वेगळ्याच आकाराचा एसएमपीएस असतो आणि मदरबोर्डची जोडणी नेहमीची २४ पिनी नसते. कार्ड घेण्याआधी डबा उघडून बघा.

पायरी ५: ब्राँझ की गोल्ड?

८० प्लस ब्राँझ, ८० प्लस गोल्ड अशी खोक्यावर असते ती खूण कार्यक्षमतेची, वॉटविषयी नाहीच. "५५० चा ब्राँझ म्हणजे ८० टक्के, म्हणजे ४४० च मिळणार" हा हिशोब मी काउंटरवर अनेकदा ऐकलाय, आणि तो चूक आहे. ५५० वाला आतल्या भागांना ५५० च देतो, त्यासाठी भिंतीतून किती जास्त ओढतो एवढंच ही खूण सांगते. ३०० वॉटच्या भाराला ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस ३५३ ओढेल, ९० टक्क्यांचा ३३३. फरक २० वॉटचा. रोज चार तास वापर धरला तर वर्षाला २९ युनिट. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा आणि दोघांच्या किमतीतला फरक किती वर्षांत वसूल होतो ते बघा. माझ्या मते साध्या घरगुती पीसीला ब्राँझ पुरे. गोल्डला बऱ्याचदा वॉरंटी लांब मिळते, जास्त पैसे मोजायचेच तर त्यासाठी मोजावेत.

मोठा एसएमपीएस जास्त बिल आणतो, हाही गैरसमजच. ६५० वॉटचा सतत ६५० खात बसत नाही, पीसी मागेल तेवढंच देतो.

यूपीएस मात्र तपासा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. पीसी आणि मॉनिटर मिळून त्याच्या वर गेले तर लाइट जाताच दोन्ही आडवे. नवा एसएमपीएस बसवल्यावर गेम चालू ठेवून यूपीएसचा प्लग एकदा मुद्दाम काढून बघा, महत्त्वाची फाइल उघडी नसताना.

पायरी ६: घरच्या मीटरवर मोजा

यासाठी वेगळं यंत्र नको. विजेच्या डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते लिहिलेलं असतं, समजा ३२००. ३६ लाखांना त्याने भागा, ११२५ येतात. आता फ्रिज, पंखे, गीझर सगळं बंद करून फक्त पीसीवर गेम चालू ठेवा आणि दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. ११२५ ला दहाने गुणून त्या सेकंदांनी भागलं की वॉट मिळाले.

नवा ५५० वॉटचा बसवल्यावर आम्ही हेच केलं. भाचा जिन्याखाली मीटरजवळ, मी वर गेमवर. दहा लुकलुकींना ३६ सेकंद, म्हणजे ३१२ वॉट. त्यातले मॉनिटरचे २५ वजा केले आणि उरलेल्याचे ८५ टक्के काढले, तर एसएमपीएसवरचा खरा भार निघाला २४४. जुन्याची १९२ ची मर्यादा आठवा, म्हणजे तो का आडवा होत होता ते लगेच कळेल.

बसवताना एक पथ्य पाळा. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या निघणारा, एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबली नव्याला लावू नका, खाचेत अगदी चपखल बसल्या तरीही. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचाही, वेगळा असतो. मी एकदा आळसाने एसएसडीला वीज देणारी जुनीच साटा केबल ठेवली होती. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले आणि एसएसडी चटका लागल्यासारखी संपली. तेव्हापासून काढलेला एसएमपीएस त्याच्या सगळ्या केबलींसकट एकाच पिशवीत बांधून माळ्यावर टाकतो.