ड्रेनेज नीट बसवायचं तर आधी हवेची वाट करा

वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की खाली बेसिनमधून गुडगुड आवाज येतो. बहुतेक घरांत तो ऐकून सोडून देतात. कृपा करून सोडू नका. पाइपला हवा हवी आहे, ती दुसरीकडून मिळत नाही, म्हणून तो तुमच्या बेसिनमधून ओढून घेतोय. सांडपाणी वाहून गेलं की ड्रेनेजचं काम झालं असं आपण धरून चालतो. पण ते पाणी जाताना पाइपातली हवा कुठून येते आणि कुठे जाते, यावर घराचं आरोग्य निम्मंअधिक अवलंबून असतं. नवं बांधकाम असो की जुन्या बाथरूमची दुरुस्ती, मी सांगतो त्याच क्रमाने बघत चला.

१. ट्रॅपमधलं तीन बोटं पाणी

बेसिनखालचा वाकडा पाइप, कमोडच्या तळाचं वळण, मोरीतला नहाणी ट्रॅप, या सगळ्यांत थोडं पाणी कायम अडून राहतं. साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तीन बोटं. गटारातला वायू, झुरळं आणि जंतू यांच्यात आणि तुमच्यात एवढाच काय तो पडदा. अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये शौचकूपासाठी असं वळण देऊन पेटंट घेतलं, आणि आजही ट्रॅप चालतो तो त्याच तत्त्वावर.

तो सुकला तर काय होतं ते २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत दिसलं. तिथे सार्सची लागण तीनशेहून जास्त रहिवाशांना झाली. बाथरूमच्या जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते आणि एक्झॉस्ट पंखे पाइपातली दूषित हवा घरात खेचत होते, असं तपासात पुढे आलं.

म्हणून सगळ्यात आधी प्रत्येक नहाणीची जाळी काढा, आत टॉर्च मारा आणि पाणी चमकतंय का बघा. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये आठवड्यातून एकदा मगभर पाणी ओता. घर दोन-तीन महिने बंद राहणार असेल तर त्या पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी उडून जायला वेळ लागतो. आमच्याकडे पाहुण्यांच्या बाथरूमला कुबट वास यायचा. फिनेलने फरशी पुसून आम्ही थकलो, आणि शेवटी वास गेला तो दोन मग पाण्याने.

सिंकचा लवचीक पाइप नुसताच भोकात खोचलेला असेल तर त्याच्या भोवतीची फट रबरी रिंगने बंद करून घ्या. वास आणि झुरळं बरेचदा तिथूनच येतात.

२. व्हेंट पाइप

उभ्या पाइपातून पाण्याचा लोंढा खाली पडताना मागे पोकळी तयार होते. ती भरायला वरून हवा मिळाली तर ठीक, नाहीतर ट्रॅपमधलं पाणीच शोषलं जातं. यासाठी उभा पाइप गच्चीच्या वरपर्यंत न्यायचा, वरचं तोंड उघडं ठेवायचं, पक्षी घरटं करू नयेत म्हणून जाळीची टोपी बसवायची, आणि ते तोंड खिडक्या व पाण्याच्या टाकीपासून लांब ठेवायचं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना हा पाइप कापून सिमेंटने बुजवलेला मी पाहिला आहे. त्यानंतर त्या इमारतीत वासाच्या तक्रारी सुरू झाल्या, आणि कारण शोधायला फार दिवस गेले.

तपासायची सोपी रीत अशी: नहाणी ट्रॅपमध्ये मोजपट्टी उभी बुडवा आणि पाणी कुठवर आहे ते लिहून ठेवा. त्याच पाइपवरचे वरच्या मजल्यांचे दोन-तीन फ्लश एकापाठोपाठ करायला सांगा. पुन्हा मोजा. पातळी उतरली असेल तर व्हेंट बंद आहे किंवा अपुरा आहे.

३. ढाळ आणि वळणं

१०० मिलिमीटरच्या आडव्या पाइपाला ४० ते ६० ला १ असा ढाळ चालतो. ४० ला १ धरला तर तीन मीटरमागे साडेसात सेंटीमीटर. ढाळ कमी पडला की मैला बसतो. फार दिला तर पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते. ९० अंशाचं एक वळण देण्यापेक्षा ४५ अंशाची दोन द्या. जिथे दिशा बदलते तिथे सफाईचं झाकण किंवा चेंबर हवंच, आणि त्यावर फरशी कधीही लावू नका. पावसाच्या पाण्याचा पाइप वेगळाच ठेवा.

४. पिण्याचं पाणी उलटं ओढलं जाऊ नये

घाण पाण्यात बुडालेला नळीचा शेंडा फार घातक असतो. मुख्य पाइपातला दाब एकदम उतरला तर बादलीतलं पाणी नळात ओढलं जातं. १९३३ मध्ये शिकागोत दोन हॉटेलांतल्या सदोष नळजोडांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं, आमांशाची साथ पसरली आणि ९८ माणसं दगावली. टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपाचं तोंड भरलेल्या पातळीच्या वर, पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट तरी अंतरावर ठेवा. कितीही बारीक पाइप असला तरी २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. टाकीला घट्ट झाकण हवं आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला डास शिरणार नाहीत अशी जाळी हवी.

५. बुजवण्याआधी चाचणी

सांडपाण्याच्या पाइपाचं खालचं तोंड बंद करून तो पाण्याने भरा आणि पातळी उतरते का बघा. पिण्याच्या पाइपांना रोजच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन तपासा. गवंडी घाई करेल, तरी थांबवा. नंतर ओल आली की फरशी फोडावी लागते.

सेप्टिक टँक किंवा खोल चेंबर तुंबलं तर कुणालाही आत उतरवू नका, अगदी मिनिटभरासाठीही नाही. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस दोन श्वासांत बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला वाचवायला उतरणाराही तिथेच कोसळतो. सक्शन मशीनच बोलवा.

भिंत बंद होण्याआधी प्रत्येक पाइपाचे फोटो काढा, शेजारी मोजमापाची टेप धरून. पुढे टाइलवर ड्रिल चालवताना पाइप नेमका कुठे आहे ते त्यावरून कळतं.