सागरी उद्यानातली नोकरी: मासे मोजायला शिकताना

सागरी उद्यानात कामाला लागलो, तेव्हा आता आपला बहुतेक वेळ पाण्याखालीच जाणार, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सुरुवातीचे कित्येक दिवस ओहोटीत उघड्या पडणाऱ्या समुद्री गवतावर अर्धा मीटर लांबी-रुंदीची चौकट ठेवायची आणि आतला किती भाग गवताने झाकला आहे याचा अंदाज लिहायचा, यातच गेले. हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, फुले येतात, आणि बोटीच्या पंख्याने पडलेला चर भरून यायला वर्षे लागू शकतात.

पाण्याखालची मोजणी त्याहून फसवी असते. तळाशी पन्नास मीटरची फीत अंथरून तिच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक पट्ट्यातले मासे जाती आणि लांबीनुसार पाटीवर पेन्सिलीने टिपायचे असतात. मुखवट्याच्या काचेतून मात्र प्रत्येक वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठी दिसते. सरावासाठी ठेवलेला तीस सेंटिमीटरचा लाकडी मासा मी बेधडक चाळीसचा लिहिला होता. नजर बसेपर्यंत खऱ्या माशांच्या नोंदी करू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. मागून येऊन आपल्या पुढे गेलेला मासाही मोजायचा नाही. तो कितीही देखणा असला तरी!

एवढा काटेकोरपणा कशासाठी, हे न्यूझीलंडमधील लेईजवळच्या राखीव क्षेत्राकडे पाहिल्यावर कळते. 1975 मध्ये घोषित झालेल्या या क्षेत्रात मासेमारी थांबली, स्नॅपर मासे आणि शेवंडे वाढली, त्यांनी सी-अर्चिन हे काटेरी गोलसर समुद्री प्राणी फस्त केले आणि अर्चिनांनी कुरतडून उघड्या पाडलेल्या खडकांवर केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाचे रान पुन्हा उभे राहिले. हा बदल एका हंगामात कोणाच्या डोळ्यांत भरला नसता. वर्षानुवर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावरच तो उमगतो.

उद्यान म्हटले की सर्वत्र बंदी, हाही गैरसमज सोडावा. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ उद्यानात विभागांच्या 2004 मधील फेररचनेनंतरही पूर्ण मासेमारीबंदी सुमारे एकतृतीयांश भागातच आहे. म्हणून विभागांचा नकाशा तोंडपाठ हवा, कारण किनाऱ्यावरचे मच्छीमार पहिला प्रश्न सीमेबद्दलच विचारतात.

शिक्षणाचे म्हणाल, तर डायव्हिंगच्या प्रमाणपत्राइतकेच संख्याशास्त्र गांभीर्याने घ्यावे. एखाद्या दिवशी फितीवर एकही मासा दिसत नाही आणि पाटी कोरी ठेवून वर यावेसे वाटते; तेव्हा शून्य लिहावे, कारण कोऱ्या पाटीवरून तिथे मोजणी झाली होती की नाही, हेच पुढच्याला कळत नाही.